सेन्सॉरला पास, पेठेत नापास

सेन्सॉर म्हटलं की लोकांना कात्री आठवते. मला म्हैस आठवते.

मी कोल्हापुरात लाइन प्रोड्युसर आहे. लोकेशन, जेवण, गाड्या, परवानग्या बघायच्या आणि सेटवर कुणाचं डोकं फिरलं तर ते ठिकाणावर आणायचं, हे माझं काम. गेल्या वर्षी आम्ही एक लहानसा मराठी सिनेमा केला. तालमीतला म्हातारा वस्ताद आणि त्याचा शेवटचा पठ्ठ्या, एवढीच गोष्ट. पठ्ठ्या पहाटेची मेहनत आटोपून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो, असा एक सीन त्यात होता. कोल्हापूरकराला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. तिथं म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. सीन मिनिटभराचा. म्हैस त्यात उभी राहण्यापलीकडं काही करत नाही.

पण सिनेमात जनावर दिसलं की भारतीय पशुकल्याण मंडळाचं ना हरकत पत्र लागतं. नियम २००१ चे, आणि मंडळाचं ऑफिस हरियाणात, बल्लभगढला. शूटिंगआधी अर्ज करायचा, त्याला जनावराच्या डॉक्टरांचा दाखला, मालकाची संमती आणि जनावर सीनमध्ये नेमकं काय करणार याचं वर्णन जोडायचं. शूटिंग झालं की क्लिप पाठवायची आणि पुन्हा वाट बघायची. मालकाची सही घ्यायला गेले तर तो म्हणाला, "ताई, माझी म्हस काय ॲक्टिंग करालीया व्हय? ती दूध द्यालीया." वर्णनाच्या रकान्यात मी जवळजवळ तेच लिहिलं. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी शॉटसाठी घोडे कसे पाडायचे, हे जुन्या फायटरांकडून ऐकलंय. पण गंगावेशीतल्या म्हशीची फाइल हरियाणात कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे आणि तिच्यापायी आख्खा सिनेमा अडलाय, हे मालकाला समजावून सांगणं सोपं नव्हतं.

शीर्षकाचं काम मात्र गावातच झालं. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे. नावाच्या नोंदणीसाठी तिथं गेले तेव्हा बाकावर शेजारी एक जुने कॅमेरावाले बसले होते. माझ्या हातातली फाइल बघून त्यांनी हाताला लागलेल्या माणसाला सोडायचं नाही असं ठरवूनच बोलायला सुरुवात केली. म्हणाले, सेन्सॉरचं दुखणं कोल्हापूरला नवं नाही. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० चा. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. पुढं प्रभातनं इथंच 'स्वराज्याचं तोरण' केला. इंग्रजांना त्यातलं 'स्वराज्य' खुपलं, मग तो 'उदयकाल' नावानं लागला. मी वेळ बघत होते, मला पुढं बँकेत जायचं होतं. नंतर त्यांचं बोलणं बऱ्याचदा आठवलं. त्या दोन्ही सिनेमांना नको म्हणणारा कोण होता, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सेन्सॉर बोर्डाचा अर्ज आता ई-सिनेप्रमाण नावाच्या पोर्टलवर भरायचा. सिनेमाच्या लांबीप्रमाणं फी, संवादांची प्रत, कथासार, नावाच्या नोंदणीचं पत्र, म्हशीचं पत्र. मग मुंबईत तपासणी समितीसाठी शो लागतो. आत बोर्डाचा अधिकारी आणि सल्लागार मंडळातले सदस्य असतात, बाया किती हव्यात याचाही नियम आहे. कोण कोण बसणार ते आधी सांगत नाहीत. आपण बाहेर थांबायचं. बाहेर आणखी दोन सिनेमांची माणसं आमच्यासारखीच फाइल मांडीवर घेऊन बसली होती. विषय 'फुले' सिनेमाचा निघाला. महात्मा फुल्यांवरचा सिनेमा ११ एप्रिलला, त्यांच्या जयंतीला येणार होता. आक्षेप आले, बोर्डानं जातींचे उल्लेख वगैरे काढायला सांगितले आणि शेवटी तो २५ एप्रिलला लागला. एक जण म्हणाला, "त्यांना निदान जयंती तरी होती. आपल्याला काय, शुक्रवार." आमचे प्रोड्युसरकाका त्या बोलण्यात नव्हते. ते खिडकीशी उभे राहून कागलच्या पतसंस्थेच्या मॅनेजरशी हप्त्याबद्दल बोलत होते.

शो संपल्यावर डायरेक्टरला आणि आम्हाला आत बोलावलं. चांगली माणसं होती, उगाच कशाला खोटं सांगू. एका बाईंनी सिनेमा नीट बघितला होता. त्यांनी विचारलं, "हा वस्ताद शेवटी सुधारतो का? मला नीट कळलं नाही." डायरेक्टर म्हणाला, "नाही सुधारत." बाई "बरं" म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग यादी आली. वस्तादाच्या तोंडची एक शिवी बदला. बाटलीवरचं लेबल धूसर करा. दारूच्या सीनला खाली इशारा घाला. तंबाखू मळतानाच्या शॉटवर आरोग्याचा संदेश हवा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर त्या तंबाखूविरोधी जाहिराती आहेतच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाटलीचा सीन. तो आखडता घेतला तर यूए १३ प्लस, आहे तसा ठेवला तर यूए १६ प्लस. यूए म्हणजे लहान पोरांनी आईबापांच्या सल्ल्यानं बघायचा; २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे वयाप्रमाणं ७, १३ आणि १६ असे तीन तुकडे झालेत. काकांना १३ हवं होतं, कारण पोरांना घेऊन येणारं कुटुंब हेच आमचं गिऱ्हाईक. डायरेक्टरला सीन हवा होता. तो चार मिनिटांचा सीन म्हणजेच त्याचा सिनेमा होता. वस्ताद रात्री एकटाच हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीच्या आखाड्याच्या कडेला बसून पितो, आणि पिता पिता ज्या पठ्ठ्यानं त्याला सोडलं त्याच्या नावानं मातीत डाव समजावून सांगत बसतो. आमचं पुढच्या पुनर्विलोकन समितीकडं जायचं बोलणं झालं. ती पण नाही म्हणाली तर थेट उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्येच बंद झालंय. तारीख ठरली होती, थिएटरं बोलली होती. काकांनी डायरेक्टरकडं बघितलं आणि म्हणाले, "घे तुझं सोळा."

शिवीचं काम मात्र मजेचं झालं. वस्तादाचं काम करणारे आमचे नट नाटकातले, साठी ओलांडलेले. ओठांच्या हालचालीत बसेल असा शब्द हवा. डबिंगच्या खोलीत त्यांनी काच, हेडफोन आणि पाण्याची बाटली यांच्यासमोर उभं राहून तासभर एकाच पोराला वेगवेगळ्या नावांनी हाक मारली. "गाढवाच्या" जरा लांबलं. "लेकाच्या" बरोब्बर बसलं. इंजिनिअर म्हणाला, झालं. ते म्हणाले, "थांब रे, एकदा खरी देतो, जीव शांत होऊ दे," आणि माइक बंद करून मूळची शिवी अशी काही हासडली की बाहेर चहावाला थबकला.

बोर्डाची ही यादी आम्हाला कागदावर मिळाली. प्रत्येक मुद्द्यापुढं काय करायचं ते लिहिलेलं. त्यावर वाद घालता येत होता, पुढं दाद मागता येत होती, काय दिलं तर काय मिळेल याचा हिशेब करता येत होता. बोर्डाच्या मार्गदर्शक तत्त्वांत तर असं आहे की सिनेमा संपूर्ण बघून, त्याचा एकंदर परिणाम लक्षात घेऊन ठरवायचं. त्या बाईंनी तेच केलं होतं. मला बोर्डाचं प्रेम नाही. बाटलीचं लेबल धूसर केल्यानं महाराष्ट्रातली दारू किती कमी झाली, हे कुणीतरी मोजावं. पण पुढं जे झालं त्यानंतर बोर्डाच्या त्या टाइप केलेल्या यादीकडं मी जरा वेगळ्या नजरेनं बघते.

सर्टिफिकेट आलं. ते आता कायमचं वैध असतं, पूर्वीसारखी दहा वर्षांची मुदत नाही. काकांनी अंबाबाईला पेढे ठेवले.

ट्रेलर मुंबईत कापला गेला. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सर्टिफिकेट लागतं, यूट्यूबवरच्याला लागत नाही. प्रोमो कापणाऱ्या पोरानं यूट्यूबच्या ट्रेलरसाठी त्या चार मिनिटांतले सात सेकंद उचलले. लाल माती, मागं मारुतीची तसबीर, कडेला बसलेला वस्ताद, तोंडाला लावलेली बाटली, आणि वर एक धडाम् असा आवाज. सिनेमात त्या सीनला आवाज म्हणजे फक्त रातकिडे आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एक रील आली. मग तीच आणखी कुणाकडून, मग माझ्या मावशीकडून "हा तुमचाच न्हवं?" असं विचारून. सात सेकंद तीनदा फिरवलेले, शेवटी बाटलीवर लाल गोल, आणि खाली मजकूर: कोल्हापूरच्या तालमींची बदनामी खपवून घेतली जाणार नाही. बहिष्कार. शो लागला तर पुढच्या परिणामांना थिएटर जबाबदार. रात्रीपर्यंत मारुतीच्या तसबिरीसमोर दारू हा मुद्दा त्याला जोडला गेला. सकाळी 'मुंबईवाल्यांनी कोल्हापूर बदनाम केलं' हे आलं. आमच्या युनिटमधली निम्म्याहून जास्त माणसं शिवाजी पेठ, मंगळवार पेठ आणि कसबा बावड्याची, हे सांगायला मी कुठं जाणार होते?

कारण काय, ते मला नंतर तिसऱ्याकडून कळलं आणि त्यात तथ्य असावं असं मला वाटतं. कुस्तीच्या मैदानाच्या सीनसाठी आम्ही गर्दी आणली होती. ती गर्दी एका पेठेतल्या माणसानं जमवली. दुसऱ्या पेठेतल्या, त्याच धंद्यातल्या माणसाला काम मिळालं नाही. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल बघितलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. इथं दोन पेठांत गोलपोस्टवरून जे होऊ शकतं ते सात सेकंदांच्या बाटलीवरून व्हायला काय हरकत आहे? रील फिरवणाऱ्या बहुतेक पोरांना हे माहीतही नसणार. त्यांना राग खरोखरच आला होता. पेटवणारा एक आणि पेटणारे शंभर, यांचं कारण एकच असतं असं नाही.

गुरुवार आला. तिकिटांच्या ॲपवर पुणे, मुंबई, सातारा, सांगली, इचलकरंजी सगळीकडचे शो उघडले. कोल्हापूर उघडेना. वितरकाला फोन केला, तो म्हणाला, "कोल्हापूर होल्ड आहे." कुणी होल्ड केलं? "थिएटरला विचारा."

मॅनेजरआण्णांची केबिन मला पाठ आहे. काचेखाली देवांचे फोटो, भिंतीवर जुन्या सिनेमांचे सिल्व्हर ज्युबिलीचे ढालीसारखे फलक, कोपऱ्यात पंखा. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला.

"आण्णा, लेखी आलंय का कुणाचं?"

"लेखी कोण देतंय ओ ताई? फोन आला."

"कुणाचा?"

"नाव सांगून फोन केला असता तर मी लागलीच तुमच्याकडं नंबर दिला असता की." मग जरा थांबून म्हणाले, "बोर्डानं पास केलंय, मी कुठं नाही म्हणालोय? पण दर्शनी काच फुटली तर बोर्ड भरून देणार हाय का?"

त्यांना भ्याड म्हणणं सोपं आहे. डायरेक्टर म्हणालाच. पण ह्या जिल्ह्यानं २०१७ च्या मार्चमध्ये मसाई पठार बघितलंय. पन्हाळ्याजवळ 'पद्मावती'चा सेट लागला होता, तो रात्रीत जमावानं पेटवला, कपडेपट जळाला. तेव्हा शूटिंगच चालू होतं; सिनेमा कुठल्याही समितीसमोर जायला अजून कितीतरी वेळ होता. पुढं नावातली एक वेलांटी जाऊन तो 'पद्मावत' झाला, सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या बंद्यांना स्थगिती दिली आणि २५ जानेवारी २०१८ ला तो लागला. त्या निर्मात्यांच्या मागं वकिलांची फौज होती. आण्णांच्या मागं त्यांचा मुलगा आणि एक वॉचमन.

पोलिसांकडं गेलो. साहेब नीट बोलले. "आमची काही बंदी नाही. तुम्ही दाखवा, आम्ही बंदोबस्त देतो. फक्त काही झालं तर..." हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण नोटीस दिली. पूर्वी जिला सगळे १४९ ची नोटीस म्हणायचे, ती आता नागरिक सुरक्षा संहितेत १६८ ची झालीय. ती रीलवाल्या पोरांना दिली, तशी थिएटरला दिली, तशी आम्हालाही दिली. कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल. ज्याचा सिनेमा आहे त्यालाही, आणि ज्याला तो पाडायचाय त्यालाही, सारख्याच शब्दांत. काकांनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून म्हशीच्या फाइलीत ठेवली.

वकील असलेल्या मैत्रिणीनं १९८९ चा रंगराजन खटल्याचा निकाल काढून दिला. एका तमिळ सिनेमावरून झालेला. निदर्शनं होतील, दंगा होईल या धमकीपायी अभिव्यक्तीवर गदा आणता येणार नाही, संरक्षण देणं हे सरकारचं कामच आहे, असं सर्वोच्च न्यायालय त्यात स्पष्ट म्हणतं. आणि आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, ऑगस्ट २०२५ पासून. मुंबईला हेलपाटे घालायला नकोत. मी म्हटलं, चल, टाकूया याचिका. तिनं विचारलं, "कुणाविरुद्ध? पोलीस म्हणतात बंदी नाही. थिएटर म्हणतं आमचा शेड्यूलचा प्रश्न आहे. फोन करणारा कोण ते माहीत नाही. आव्हान द्यायला ऑर्डर तर पाहिजे ना!"

तिथं मला त्या बोर्डाच्या यादीची आठवण आली. हा दुसरा बोर्ड काहीच लिहून देत नव्हता. त्याचे सदस्य कोण, त्यांनी काय बघितलं, काय काढलं म्हणजे पास, अपील कुठं, काही नाही. माझी चीड बाटलीच्या सीनबद्दल नव्हतीच, ती यावर होती.

शुक्रवार उजाडला. डिजिटल सिनेमाची फाइल थिएटरात आधीच येऊन पडलेली असते. ती उघडायची किल्ली, जिला केडीएम म्हणतात, ती ठरावीक पडद्याला, ठरावीक तारखांपुरती मिळते. कोल्हापूरच्या पडद्याची आमची किल्ली सकाळी चालू झाली होती. प्रोजेक्टरवाल्या पोरानं मला सर्व्हरच्या स्क्रीनवर आमच्या सिनेमाचं नाव दाखवलं, शेजारी हिरवा ठिपका. बटण दाबलं की सुरू. पडद्यावर एका मोठ्या हिंदी सिनेमाचा चौथा आठवडा चालू होता, आत नऊ माणसं.

आमचे वस्ताद झालेले नट, त्यांचं घर थिएटरपासून चालत दहा मिनिटांवर. त्यांची बायको, सून, नातवंडं वडाप जीप करून इचलकरंजीला सिनेमा बघायला गेली. वहिनींनी परत आल्यावर मला फोन केला. सिनेमाबद्दल एक अक्षर नाही. "जीपवाल्यानं जायचे यायचे किती घेतले सांगू का तुला?"

मग तालमीचा निरोप आला. रीलवाल्यांचा नव्हे. त्या पेठेतल्या जुन्या तालमीचे वस्ताद म्हणत होते की एकदा येऊन बोला. काका आणि मी गेलो. हौद्यापाशी बायकांनी जायचं नसतं, त्यामुळं मी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि सगळी बोलणी उंबऱ्यावरून झाली. वस्ताद उंबऱ्याच्या आत, काका उंबऱ्यावर, मी बाहेर. वस्तादांचे कान पार चुरगळलेले, पण त्यांना ऐकू चांगलं येत होतं. ते रागावलेले नव्हते. म्हणाले, "पैलं ह्या टायमाला हितं पाय ठेवाय जागा नसायची. आता आठ पोरं हाईत. त्यातल्या दोघांचे आईबाप रोज विचारत्यात, हितं नाद लागत न्हाई न्हवं? त्यास्नी म्या काय सांगायचं, तुमी सांगा. त्यांनी तुमचा शिनेमा न्हाई बघिटला. मोबाइल बघिटलाय."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. बदनामीच्या सगळ्या आरडाओरड्यात हा एकच मुद्दा मला खरा वाटला, आणि तो मांडणारा माणूस बहिष्काराच्या एकाही पोस्टवर नव्हता.

ते म्हणाले, आम्हाला दाखवा. त्यावरून आमच्यात भांडण झालं. डायरेक्टर म्हणाला, सेन्सॉर एकदा होतो, उद्या गल्लीगल्लीत शो लावायचे का? काकांनी 'छावा'चं उदाहरण दिलं, की एवढ्या मोठ्या सिनेमानं ट्रेलरवरून ओरड झाल्यावर लेझीमचा सीन काढला, आपण कोण? डायरेक्टर म्हणाला, म्हणूनच आपण काढायचा नाही. तत्त्व म्हणून तो बरोबर होता, आणि मी त्याला तसं सांगितलंही. पण कर्ज काकांच्या नावावर होतं. शेवटी काकांनी शो ठरवला आणि डायरेक्टर त्या दिवशी पुण्याला निघून गेला.

सकाळी नऊचा शो, पहिल्या खेळाआधी. वस्ताद, तालमीची जुनी मंडळी, काही पोरं, मिळून पंचवीस-तीस जण. रील करणाऱ्याला मुद्दाम निरोप दिला होता, तो आला नाही. मी मागं उभी होते. पहिल्या अर्ध्या तासात कुजबुज होती. आमच्या हिरोनं धोबीपछाड मारली तेव्हा पुढच्या रांगेतून आवाज आला, "आरं पाय कुठं चाललाय त्याचा!" आणि सगळे हसले. बाटलीचा सीन आला. खाली तो इशारा सरकत होता, मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. चारही मिनिटं कुणी काही बोललं नाही. एक म्हातारे उठून बाहेर गेले आणि सीन संपल्यावर परत येऊन बसले.

नंतर पॅसेजमध्ये चहा झाला. काकांनी विचारलं, मग काय म्हणता? वस्ताद म्हणाले, "पित्यात. आमच्यातला एक पिऊनच गेला. खोटं कुटं हाय?" मग बराच वेळ हिरोच्या डावाबद्दल बोलले. पट काढताना डोकं कुठल्या बाजूला हवं, ते काकांनाच धरून दाखवलं; काकांचा चहा सांडला. निघताना म्हणाले, "शिनेमात ऱ्हाऊ दे. त्या मोबाइलातनं काढा. आणि मारुतीच्या फुडनं त्याला जरा बाजूला बसवाय पायजे हुता, पर आता काय."

यूट्यूबवरून जुना ट्रेलर उतरवला, ते सात सेकंद काढून नवा चढवला. सिनेमाला हात लावला नाही. डायरेक्टरला हेही पटलं नाही. दबावाखाली काढलं ते काढलं, मग सात सेकंद असोत की सात मिनिटं, असं तो म्हणतो. मला फरक दिसतो. वस्तादांनी आधी सिनेमा बघितला, मग तोंडावर सांगितलं, कारणासकट, स्वतःच्या नावानं. आणि खरं सांगायचं तर ते सात सेकंद आमच्या सिनेमाचे नव्हतेच, ते त्या धडाम् आवाजाचे होते.

वस्तादांनी आण्णांना फोन केला. दुसऱ्या शुक्रवारी कोल्हापुरात शो उघडले, दुपारी बाराचा आणि रात्री नऊचा. पहिल्या दिवशी दारात चार पोलीस, थिएटरनं ठेवलेले दोन बाउन्सर, आणि रिकामी बाजू बघून मोबाइलवर शूटिंग करायला आलेली पाच-सहा पोरं. काही झालं नाही. रविवारी रात्रीचा खेळ जवळजवळ भरला. पण सिनेमाच्या धंद्यात पहिला आठवडा गेला की गेला. पुण्यात तोपर्यंत आमचे शो निम्मे झाले होते आणि ज्या गावात सगळ्यात जास्त चालायला हवा होता तिथंच तो उशिरा लागला होता. बहिष्काराच्या पोस्टी अजून आहेत, कुणी काढल्या नाहीत. खाली अलीकडं कुणीतरी विचारलंय, कुठं बघायला मिळेल?

थिएटरचा हिशेब आला त्यात बाउन्सरचे पैसे आमच्या हिश्श्यातून कापले होते. त्यावर आण्णांशी पुन्हा एकदा चहा झाला आणि निम्म्यावर तोडगा निघाला.

आता टीव्हीचं चाललंय. ज्या चॅनेलनं सिनेमा घेतलाय त्यांच्याकडं अशा गोष्टी तपासायला वेगळा विभाग असतो. त्यांची यादी गेल्या आठवड्यात मेलवर आली, छापील, नंबर घातलेली. "लेकाच्या" हा शब्दसुद्धा म्यूट करा म्हणतात. बाटलीचा सीन पूर्ण काढा, संध्याकाळच्या वेळेला चालणार नाही. डायरेक्टर माझा फोन उचलत नाही. काका सही करणार आहेत, कारण पतसंस्थेचा मॅनेजर मात्र रोज फोन उचलतो आणि करतोही.

चॅनेलच्या प्रमोशनवाल्या मुलीचा काल फोन होता. त्यांना जाहिरातीसाठी खऱ्या तालमीत, लाल मातीत, खऱ्या पैलवानांसोबत शूट करायचंय, परवानगी कुणाची लागेल विचारत होती. मी तिला वस्तादांचा नंबर दिला आणि सांगितलं, हिरोला डाव मारायला लावणार असाल तर आधी त्यांना दाखवा.